पाहुण्या कोंबड्या

फार पूर्वी ऐकलेला एक आवाज एका म्हाताऱ्याच्या कानात कायमचा राहून गेला होता. दिवस मावळला की कोंबड्या खुराड्यात शिरतात, आतल्या दांडीवर एकमेकींना खेटून बसतात आणि डोळा लागायच्या आधी बारीक आवाजात कुरकुरत राहतात. तो आवाज. लहानपणी तो आईच्या पाठीला पाठ लावून पडायचा आणि भिंतीपलीकडून ती कुरकुर यायची. "काय बोलतात गं त्या?" असं त्यानं एकदा विचारलं होतं. आई म्हणाली होती, "एक म्हणते सरक, दुसरी म्हणते तूच सरक. मग निजतात."

या म्हाताऱ्याचं नाव केरबा. एका उघड्या माळावर, मोजक्या घरांच्या वस्तीत तो राहायचा. त्याच्या घरचे लोक पूर्वी मेंढरं घेऊन मुलूखभर हिंडायचे. केरबाच्या बापानं माळावर दगड रचून घर उभं केलं आणि तेव्हापासून हे कुटुंब एका जागी थांबलं. आता घरात केरबाचा मुलगा होता, सून भागा होती, नात ठकी आणि तिचा धाकटा भाऊ म्हादू होता. मुलगा उजाडताच रानात जायचा आणि दिवेलागणीला परतायचा. केरबाच्या गुडघ्यांनी रान सोडलं होतं. अंगणातल्या कोंबड्या सांभाळणं एवढंच त्याच्याकडे राहिलं होतं, आणि तेवढं काम तो अगदी सावकाश, मन लावून करायचा.

त्या वस्तीवर एक रीत होती. घरी आलेल्या पाहुण्याला काडीचं काम करू द्यायचं नाही. पाहुण्यानं स्वतःचं ताट उचललं, तर आडावर बायांना महिनाभर बोलायला विषय मिळायचा. "त्यांच्याकडे पाहुण्याला भांडी घासावी लागतात म्हणे." असं कुणी आपल्या घराबद्दल बोलू नये म्हणून सगळे जपायचे. गरिबीतही पाहुण्याला पहिली भाकरी, दुधावरची साय आणि बसायला जाड घोंगडी मिळायची.

एका पावसाळ्याच्या तोंडाशी केरबाच्या अंगणात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. त्याच्या डोक्यावर वेळूचं डालगं होतं. कोंबड्या झाकून ठेवायची मोठी टोपली असते ना, तेच. डालग्यात तीन कोंबड्या होत्या आणि त्या माणसाच्या मागे, त्याच्या धोतराचा सोगा धरून एक मुलगी उभी होती.

तो माणूस म्हणजे बिरू, केरबाच्या लेकीचा दीर. मुलगी म्हणजे लेकीची लेक, सगुणा. उन्हाळ्यात आलेल्या तापात केरबाची लेक आणि जावई दोघंही गेले होते. मागे राहिली होती ही पोर आणि आईनं पाळलेल्या या तीन कोंबड्या.

बिरूनं डालगं खाली ठेवलं, पाणी प्यायला आणि म्हणाला, "मामा, मी मेंढरांमागचा माणूस. आज इथं, उद्या तिथं. पोर घरात वाढलेली आहे. तुमच्याकडे रुळली तर त्यासारखं दुसरं काही नाही."

"रुळेल की," केरबा म्हणाला. "माझ्या लेकीचीच ती."

"ते खरं. पण परकी होऊन कोपऱ्यात बसायची असेल, तर माझ्यामागं ऊनपावसात हिंडलेली बरी. तिथं निदान तिला कुणी परकं म्हणणार नाही."

"तू परत कधी येशील?"

"पाऊस सरला की मेंढरं खाली कोकणात उतरवतो. जाताना इकडून जाईन. पोरीला बघेन, मग ठरवू."

एवढं बोलून बिरू उठला. सगुणानं त्याचा सोगा सोडला, पण रडली नाही. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी राहिली. केरबा त्या अंगठ्याकडे बघत राहिला. त्याची लेकही रुसली की अशीच माती उकरायची.

त्या दिवसापासून केरबाच्या मनानं एकच गोष्ट धरली. ही पोर जाता कामा नये.

भागा मनानं फार चांगली बाई. ती म्हणाली, "आईविना लेकरू आहे. त्याला मी खरकट्याला हात लावू देणार नाही." पहिली भाकरी सगुणाला. साय सगुणाला. ठकी पाणी भरायची, शेण काढायची, अंगण झाडायची. सगुणा मदतीला उठली की भागा म्हणायची, "राहू दे गं बाई, बस तू." सगुणा पुन्हा बसायची.

केरबाचं तर विचारूच नका. त्यानं तिला ओट्यावर आपल्याजवळ बसवलं. जेवताना जवळ, निजताना जवळ. पूर्वी त्याच्या घोंगडीत ठकी निजायची. आता तिथं सगुणा आली आणि ठकी आईकडे गेली. केरबाच्या ते ध्यानातही आलं नाही. तो सगुणाच्या कपाळाकडे बघत बसायचा. ते कपाळ थेट लेकीचं होतं.

ठकीनं सगुणाला नाव ठेवलं, पाहुणी.

"म्हादू, बाजूला हो. पाहुणीला वाट दे."

"पाहुणी, तुझ्या सायीवर माशी बसतीये बघ."

"गजगे खेळायला ये म्हणू का तिला?" म्हादूनं एकदा हातातले सागरगोटे दाखवत विचारलं.

"नको. पाहुणीच्या हाताला माती लागेल."

सगुणा हे सगळं ऐकायची. तिची भाकरी अर्धी ताटातच राहू लागली. मग भागा आणखी तूप वाढायची आणि ठकीचं तोंड आणखी वाकडं व्हायचं.

इकडे अंगणातही पाहुण्या होत्या. एक कवडी, म्हणजे ठिपक्याठिपक्यांची. एक तांबडी. एक पांढरी, अजून अंडी न घालणारी. केरबाच्या कोंबड्यांचा कळप जुना होता आणि त्या कळपावर एका काळ्या कोंबडीचं राज्य होतं. दाणे पडले की आधी ती टिपणार. ऊन पडलं की तिची जागा आधी. कुणी पुढे घुसलं की डोक्यात एक टोच.

नव्या कोंबड्या जुन्यांत कशा सोडायच्या, हे केरबाला ठाऊक होतं. एकदम सोडलं तर जुन्या त्यांना फाडून काढतात. म्हणून त्यानं अंगणाच्या मधोमध डालगं पालथं घातलं आणि तिघींना त्याखाली ठेवलं. जुन्या कोंबड्या भोवती फिरू लागल्या. काळीनं तर डालग्यावर चढून सगळ्यांना आपला तुरा दाखवला. वेळूच्या फटींतून चोची आत जात होत्या, पण पोचत नव्हत्या.

"आता काय करायचं, आबा?" सगुणानं घाबरून विचारलं.

"काही नाही. बघू द्यायचं त्यांना एकमेकींकडे. बघून बघून कंटाळा आला पाहिजे."

तो डालग्याच्या काठाशी कण्या टाकायचा, थोड्या आत, थोड्या बाहेर. मग आतली आणि बाहेरची एकाच जागी टिपायच्या, मधे फक्त वेळूची कामटी. असं काही दिवस चाललं की एक दिवस डालगं उचलायचं. थोडी मारामारी होते. रक्त निघत नाही तोवर आपण मधे पडायचं नाही. ही केरबाची पद्धत होती आणि ती कधी चुकली नव्हती.

या वेळी मात्र चुकली.

झालं असं की सगुणाला त्या तिघींची दया यायची. दुपारी केरबाचा डोळा लागला की ती हळूच डालगं उचलायची, तिघींना कवेत घेऊन ओट्यावर यायची आणि मांडीवर बसवून ओंजळीतून बाजरी चारायची. जुन्या कोंबड्या खाली उभ्या राहून माना वाकड्या करून बघायच्या. केरबा जागा व्हायच्या आत तिघी पुन्हा डालग्याखाली.

मग डालगं उचलायचा दिवस आला. केरबानं ते उचललं आणि बाजूला ठेवलं. तिघी क्षणभर थांबल्या आणि थेट ओट्याकडे, सगुणाच्या मांडीकडे धावत सुटल्या. पळती कोंबडी दिसली की बाकीच्यांना आणखी जोर येतो. सगळा कळप मागे लागला. काळीनं कवडीला ओट्याच्या पायरीशी गाठलं आणि तिचा तुरा फोडला. पांढरीच्या शेपटीची पिसं अंगणभर झाली. सगुणा किंचाळत खाली आली, केरबा काठी घेऊन धावला, आणि तिघी पुन्हा डालग्याखाली गेल्या.

केरबानं कवडीच्या तुऱ्याला हळद लावली. सगुणा शेजारी बसून मुसमुसत होती.

"तुमच्या कोंबड्या दुष्ट आहेत, आबा."

"दुष्ट नाहीत गं. तू मला आधी सांग, या ओट्याकडे का पळाल्या?"

सगुणा डालग्याकडे बघू लागली.

"दुपारी चारत होतीस ना मांडीवर?"

"डालग्याखाली त्यांना भीती वाटत होती."

केरबा सावकाश म्हणाला, "अगं पोरी, तू माया केलीस, पण त्यांचं नुकसान झालं. मांडीवरच खायची सवय लागली, तर त्या अंगणातल्या कशा होणार? आणि बाकीच्यांना काय वाटणार? या वरती बसून बाजरी खातात, आपण खाली माती उकरतोय. मग खाली उतरली की टोचणारच."

दारात ठकी कळशी काखेत घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत जाता जाता म्हणाली, "आणि आबा, हिला तुम्ही मांडीवर बसवता त्याचं काय?"

भागा आतून ओरडली, "ठके, जीभ आवर."

पण ते वाक्य अंगणात पडून राहिलं. केरबाच्या बोटाला हळद तशीच होती आणि हातातली कवडी धडपडत होती. त्यानं तिला डालग्याखाली सोडलं आणि ओट्यावर जाऊन बसला. सगुणा नेहमीसारखी त्याच्याजवळ येऊन बसली. त्यानं तिच्या कपाळाकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघत राहिला.

आधी त्याला वाटलं, कोंबडीचं वेगळं, लेकराचं वेगळं. लेकराला माया लागते. मग त्याला वाटलं, माया लागतेच, पण ही माया कुणासाठी? गेलेली लेक परत मिळाल्यासारखं वाटावं म्हणून आपणच या पोरीला कवटाळून बसलो. तिला खाली उतरू दिलं नाही. ठकीची जागा काढून तिला दिली, आणि वर ठकीनं हिला जवळ करावं अशी आशा धरली. ठकीनं टोच मारली त्यात नवल ते काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागा भाकरी थापत होती. ठकी खराटा शोधत होती. केरबानं हाक मारली, "सगुणा, खराटा तू घे. आजपासून खुराडं तू झाडायचं."

भाकरी थापायचा आवाज थांबला. भागा पिठाच्या हातानंच बाहेर आली.

"मामंजी, हे काय भलतंच? आईविना पोर ती. तिला खुराडं झाडायला लावता? वस्ती काय म्हणेल?"

"पाहुणीला लावलं तर वस्ती बोलेल," केरबा म्हणाला. "घरच्या पोरीनं खुराडं झाडलं तर कोण कशाला बोलतंय?"

"अहो, पण तिच्या चुलत्याच्या कानावर गेलं तर? कामाला जुंपली म्हणून घेऊनच जाईल तो."

ही भीती केरबालाही होती. रात्रभर ती त्याच्या उशाशी बसली होती. तो म्हणाला, "नेली तर नेली. पण अशी ओट्यावर बसून वाळत गेली तर नेणारच आहे."

सगुणा खराटा धरून उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. काल कोंबड्या बाहेर काढल्या म्हणून आबा रागावले, असंच तिला वाटलं. ती खुराड्यात वाकून शिरली आणि जोरजोरात झाडू लागली. धुरळा उडाला. ती शिंकत बाहेर आली, पुन्हा आत गेली, पुन्हा शिंकत बाहेर आली.

म्हादू पोट धरून हसला. ठकी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"तिकडून नको झाडू. वारं तुझ्याच तोंडावर येतंय."

"येतं मला."

"दिसतंय येतं ते."

आणखी एक शिंक. ठकीला राहवलं नाही. तिनं खराटा हिसकावून घेतला. "हे बघ. आधी चुलीतली राख पसरायची. मग ओढायचं. म्हणजे उडत नाही."

"आमच्याकडे राख नव्हते टाकत."

"मग काय तुमच्याकडे कोंबड्या घाण करत नव्हत्या?"

सगुणानं जीभ दाखवली. ठकीनंही दाखवली. राख कुठली घ्यायची यावरून मग दोघींची थोडी वादावादी झाली आणि खुराडं अर्धं एकीनं, अर्धं दुसरीनं झाडलं.

दुपारी केरबानं भागाला सांगितलं, "साय वाटून दे तिघांना. नाहीतर कुणालाच देऊ नको."

"एवढीशी साय, मामंजी. वाटली तर बोटालाच लागायची."

"बोटाला लागली तरी पुष्कळ."

आणि निजायची वेळ झाली तेव्हा त्यानं आपली घोंगडी ओट्याच्या टोकाला एकट्याची अंथरली, तिन्ही पोरांना आत एका वाकळेखाली घातलं. कुशीत कुणी नाही म्हटल्यावर त्याला बराच वेळ गार वाटत राहिलं. पण तो तसाच पडून राहिला.

पुढचे दिवस केरबाला जड गेले. सगुणा त्याच्याशी बोलेना. आबांची माया आटली, असं तिच्या मनानं घेतलं होतं. ओट्यापाशी यायची नाही. हाक मारली तर येऊन उभी राहायची, सांगितलं ते करायची, निघून जायची. पोराच्या रागापेक्षा पोराचा शहाणपणा जास्त जिव्हारी लागतो. कितीदा तरी त्याला वाटलं, बोलवावं, मांडीवर घ्यावं, डोक्यावरून हात फिरवावा. पण तो कण्यांचं गाडगं हातात घेऊन अंगणात जाऊन बसायचा.

नव्या कोंबड्यांचं त्यानं पहिल्यापासून सुरू केलं. डालगं पुन्हा अंगणाच्या मधे. कुणी उचलायचं नाही. अंगणाच्या कडेला त्यानं तुरीच्या वाळक्या काटक्यांचा एक ढीग रचला, म्हणजे टोच बसली तर शिरायला जागा. आणि दाणे एका जागी न टाकता इथं थोडे, तिथं थोडे, पलीकडे थोडे टाकू लागला. काळी कितीही शूर असली तरी सगळीकडे एकदम उभी राहू शकत नव्हती.

डालगं दुसऱ्यांदा उचललं तेव्हा तिघी ओट्याकडे वळल्या. ओट्यावर कुणीच बसलेलं नव्हतं. त्या घुटमळल्या. काळी आलीच. कवडीला एक टोच बसली, ती काटक्यांत शिरली. थोड्या वेळानं बाहेर आली. पुन्हा टोच, पुन्हा काटक्यांत. सगुणा खांबाआडून बघत होती. मुठी आवळलेल्या, पण पुढे आली नाही.

तिसऱ्या वेळी काळीनं टोच मारली तेव्हा कवडी पळाली नाही. दोन पावलं बाजूला सरकली आणि तिथले दाणे टिपू लागली. काळीनं तिच्याकडे बघितलं. मग तीही खाऊ लागली. केरबा स्वतःशीच हसला.

ठकी आणि सगुणा आता गजगे खेळू लागल्या होत्या. खेळण्यापेक्षा भांडणंच जास्त. एका दुपारी ठकीनं गजगा खाली पडलाच नाही असं ठासून सांगितलं, सगुणानं पडला म्हटलं, आणि बघता बघता एकमेकींच्या वेण्या एकमेकींच्या हातात. भागा धावली.

"अगं सोड तिला, ठके. मामंजी, बघा ना जरा."

केरबा जागचा हलला नाही. "रक्त निघालंय का?"

"नाही, पण..."

"मग राहू दे."

"तुम्ही आणि तुमच्या कोंबड्या," असं म्हणत भागा गेली आणि तिनं दोघींच्या पाठीत एकेक धपाटा घातला. या घरात आल्यापासून सगुणाला कुणी बोट लावलं नव्हतं. ती आधी चकित झाली आणि मग तिनं भोकाड पसरलं. ठकीनंही पसरलं. भागा भाकरीकडे परत गेली. रडणं ओसरल्यावर ठकी नाक पुसत म्हणाली, "तुला हळू बसला. मला जोरात बसला."

"नाही. मलाच जोरात बसला. आवाज ऐकलास ना?"

"आवाज मोठा आला म्हणजे कमी लागतं."

"मग म्हादूला विचारू."

म्हादूला मधे बसवून कुणाचा धपाटा जोरात होता याचा निवाडा सुरू झाला. त्या दिवशी सगुणानं दीड भाकरी खाल्ली. पण केरबाशी ती अजूनही बोलली नव्हती.

पाऊस सरला. माळावरचं गवत पिवळं पडलं. एका दुपारी केरबाचा मुलगा रानातून लवकर आला आणि म्हणाला, "खाली ओढ्यापाशी बिरूचा कळप उतरलाय. संध्याकाळपर्यंत येईल तो."

भागाची धांदल उडाली. "सगुणे, इकडे ये. न्हाऊ घालते. केसाला तेल लावते. नवा परकर घाल आणि ओट्यावर आबांजवळ बस बघू. आज कशाला हात लावू नको."

केरबा पोरीकडे बघत होता. पोरीचे पाय राखेनं माखलेले, केस विस्कटलेले, कोपरावर ओरखडा. बिरूला काय वाटेल? आणि त्यानं विचारलं, "येतेस का माझ्याबरोबर?" तर आपल्यावर रुसलेली ही पोर काय सांगेल? त्यालाही वाटलं, तासाभरापुरतं तरी तिला जवळ घ्यावं. चार गोड शब्द बोलावे. साय द्यावी. बिरू बघेल, खूश होईल आणि जाईल.

पण त्याला डालगं आठवलं.

"भागा, तिला राहू दे. रोजच्यासारखी राहू दे," तो म्हणाला.

"मामंजी, पोर जाईल हातची."

"राहू दे," केरबा पुन्हा म्हणाला. भागा तेलाची वाटी ठेवायला आत गेली.

ऊन कलंडलं. कोंबड्या एकेक करून खुराड्याकडे वळल्या. केरबा अंगणात बसला होता, डोळे कुंपणापलीकडच्या वाटेकडे. आणि तेवढ्यात खुराड्यापाशी गोंधळ उठला. काळी कुठे दिसत नव्हती.

"दुपारी कुंपणाचं दार कुणी उघडं टाकलं?" ठकी ओरडली.

"मी नाही. आज तुझी पाळी होती."

"माझी काल होती."

"काल मी झाडलं. तू नुसती उभी राहून हुकूम सोडत होतीस."

भागा आतून गरजली, "कोंबडी सापडल्याशिवाय दोघींनाही भाकरी नाही. सांगून ठेवते."

केरबानं मान वळवली तेव्हा बिरू कुंपणाबाहेर उभा होता. खांद्यावर काठी आणि हातात एक घडी केलेली लहानशी घोंगडी, मुलीच्या मापाची, नवी विणलेली. तो नुकताच आला होता आणि भागाचा ओरडा त्यानं ऐकला होता. त्याच्या कपाळावर आठी पडली. केरबा उठायला गेला, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही.

"मामी, आधी ठकीला इकडे पाठव," तुरीच्या काटक्यांतून आवाज आला. सगुणा पोटावर सरपटत ढिगाच्या आत गेली होती. फक्त तिचे पाय बाहेर दिसत होते. "इथंच बसलीये ही. खुडूक झालीये, उबवायला बसायचंय हिला. ठके, माझे पाय धर आणि ओढ. अगं जोरात ओढ की, भाकरी खाल्ली नाहीस का?"

"तूच जड झालीयेस. साय खाऊन खाऊन."

"बोटभर सायीनं कुणी जड होतं का गं?"

ठकीनं ओढलं. सगुणा काटक्यांतून बाहेर आली, केसांत तुरीच्या काड्या, गालावर माती, काखेत फुगलेली काळी. काळीनं तिच्या मनगटावर टोच मारली. सगुणानं तिच्या डोक्यावर हलकी टपली मारली आणि तिला तशीच खुराड्याकडे घेऊन निघाली. ठकी मागून सूचना करत होती, "अगं नीट धर, पंख मोडशील." खुराड्याच्या दारात वाकता वाकता सगुणा ओरडली, "आबा, हिला दांडीवर बसवू का खाली पेंढ्यात ठेवू? ठकी म्हणते खाली. तिला काय कळतंय."

किती तरी दिवसांनी तिनं आबा म्हणून हाक मारली होती. केरबा वाटेकडे बघायचं विसरला. "खालीच ठेव," तो म्हणाला. "या वेळी ठकीचं बरोबर आहे."

"बघ," ठकी म्हणाली.

"एकदाच बरोबर आलं," सगुणा म्हणाली आणि दोघी वाकून आत शिरल्या. आत जागा कमी होती, त्यावरून पुन्हा काहीतरी सुरू झालं.

केरबानं कुंपणाकडे बघितलं. बिरूच्या कपाळावरची आठी गेली होती. तो मिशीतल्या मिशीत हसत होता आणि त्याचे डोळे ओले होते. त्यानं ती लहान घोंगडी कुंपणाच्या खुंटावर अलगद ठेवली, केरबाकडे बघून मान हलवली, काठी खांद्यावर घेतली, आणि एकटाच ओढ्याकडे उतरून गेला.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: नव्यानं आलेल्याला कायम मांडीवर ठेवलं तर तो पाहुणाच राहतो, त्याला अंगणात उतरू द्यावं, आणि तिथं तो आपली जागा करून घेईपर्यंत आपण मन घट्ट करून जवळच बसून राहावं.